मुख्याध्यापकांच्या खुर्चीवरचा टॉवेल

खराडे सरांनी टॉवेल दोन्ही हातांनी खिडकीसमोर ताणून धरला. त्यातून मैदान दिसत होतं. मैदानातलं लिंबाचं झाड दिसत होतं, झाडाला बांधलेली शेळी दिसत होती आणि त्या शेळीशी गप्पा मारत बसलेला पोपट काशीदही दिसत होता. त्याला मी मघाशी खडू आणायला पाठवलं होतं.

"शेवंताबाई," सर म्हणाले, "हा टॉवेल आहे की पिठाची चाळण?"

शेवंतामावशी दाराशी उभ्या होत्या. पदर घट्ट आवळून त्या म्हणाल्या, "मी जपूनच धुते, सर."

"जपून धुतलेला असा होतो? मग न जपता धुतलेला कसा होत असेल?"

पर्यवेक्षक शेटे सर हसले. मुख्याध्यापकांनी विनोद केला की हसायचं, हे पर्यवेक्षकांच्या कामातच येतं.

सोलापूरपासून बरंच आत, बोरजाई नावाच्या गावात आमची माध्यमिक शाळा होती. मी तिथे विज्ञान शिकवायची. खराडे सर माझ्याबरोबरच शिक्षक म्हणून लागले होते आणि कित्येक वर्षं आमच्यासारखेच पाठ टोचणाऱ्या लाकडी खुर्चीवर बसत होते. एकदा त्यांना कामासाठी जिल्ह्याच्या कचेरीत जावं लागलं. तिथल्या साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल त्यांनी पाहिला. पुढे ते मुख्याध्यापक झाले, तेव्हा रुजू होण्याच्या दिवशी हार यायच्या आधी टॉवेल आला. सोलापुरी, जाड, पांढरा. आठवड्याभरात शेटे सरांनी आपल्या खुर्चीवर नॅपकिन टाकला. मग लेखनिकांनी हातरुमाल टाकला. आम्ही बाकीचे उघड्या लाकडाला टेकून बसत राहिलो, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला कोणाला किती वाकून नमस्कार करायचा हे विचारावं लागत नसे.

त्या टॉवेलाला रोज डाग पडायचा. वरच्या बाजूला, मधोमध, डोकं टेकतं तिथे. काळपट, जांभळट. तो कशाचा होता हे शेवंतामावशींना माहीत होतं, मला माहीत होतं, शेटे सरांना माहीत होतं आणि पोपटच्या वडिलांना तर नक्कीच माहीत होतं, कारण गावातलं केशकर्तनालय त्यांचंच. खराडे सर पन्नाशी ओलांडून गेले होते आणि त्यांचे केस दर दोन आठवड्यांनी नव्याने काळेभोर होत. हे कोणाला कळलेलं नाही अशी सरांची समजूत होती, आणि ती समजूत सांभाळायला सगळी शाळा मदत करत होती.

"नवा टॉवेल आणलाय," सर म्हणाले. त्यांनी तो टेबलावर ठेवला. "विज्ञान प्रदर्शनाला तात्यासाहेब येणार आहेत. तोवर याला भोक पडलं, तर तुमची शिफारस माझ्याकडून जाणार नाही. ज्या बाईला टॉवेल सांभाळता येत नाही, तिच्या हातात संस्थेने शाळा कशी द्यायची?"

मावशींचा चेहरा उतरला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

त्यांचे यजमान आमचे शिपाई होते. ते गेल्यावर मावशींना त्यांच्या जागेवर घेतलं, पण तात्पुरतं. तात्पुरतं म्हणजे मे महिन्यात पगार नाही. शाळा सुटली की मावशी सोलापूरला भावाकडे जाऊन बिड्या वळायच्या आणि जूनमध्ये परत येऊन वर्गांची जाळी काढायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली होती. यंदा संस्था एक शिपाई कायम करणार होती. शिफारस मुख्याध्यापकांनी करायची आणि ती मान्य करायची संस्थेचे सचिव तात्यासाहेब यांनी.

मधल्या सुट्टीत मावशी प्रयोगशाळेत आल्या.

"बाई, मी करू तरी काय? न्हाई धुतला तर काळा, धुतला तर फाटका."

"कशाने धुता?"

"आधी साबणानं धुवायची. डाग निघंना. सर म्हणले, पाण्याच्या टाकीत टाकायची पांढरी पावडर हाय न्हवं, ती घाला. घातली. डाग गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. सर म्हणले, थोडकी घातली असशील, जास्त घाल."

"रोज?"

"रोज. मूठभर. वरनं कडक उन्हात वाळवायचा, म्हंजे आणखी पांढरा हुतो म्हणत्यात. हाताची कातडी बघा." त्यांनी तळवे पुढे केले. बोटांची टोकं सोलवटली होती. "माणसाचं चामडं जातंय, तिथं सुताचं काय घेऊन बसलाय?"

"सरांना सांगितलंत?"

"काय सांगू? पावडर नगं म्हणलं तर डाग ऱ्हातोय. डाग ऱ्हायला तर कशाचा, असं इच्यारतील. मग मी काय सांगू?"

मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, ब्लिचिंग पावडर कमी केली तर टॉवेल टिकेल."

"आणि डाग?"

"डाग मुळात कशाचा पडतो ते पाहिलं तर..."

सरांचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. "धुळीचा आहे," ते म्हणाले. "रस्ता कच्चा आहे. मी पंचायतीला पत्र देणार आहे."

"धुळीचाच," शेटे सर म्हणाले. "काळ्या मातीची धूळ अशीच चिकट असते."

मग मी दुसरी वाट धरली. प्रदर्शनासाठी सहावीच्या मुलांकडून एक प्रयोग करून घ्यायचाय, विषय ‘घरातले टॉवेल का झिजतात’, असं सांगितलं.

"टॉवेल?" सरांनी भुवया चढवल्या. "अहो धामणकर बाई, ज्वालामुखी करा. तात्यासाहेबांना ज्वालामुखी आवडतो. दरवर्षी ते टाळ्या वाजवतात."

"ज्वालामुखी सातवी करणार आहे."

 सरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "करा, करा. टॉवेल कोण खराब करतं ते तरी बाहेर येईल. शेवंताबाईंचं मी उगाच म्हणतो असं नको व्हायला. विज्ञानच ठरवू दे."

ते असं बोलले आणि मला काळजी वाटू लागली. कारण विज्ञान काय ठरवणार हे मला साधारण माहीत होतं, आणि त्याचा फायदा मावशींना होईल की तोटा, हे मात्र माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितलं, घरातला सर्वांत जुना टॉवेल घेऊन या आणि तो असा का झाला ते विचारून या.

तो तास मला आजही आठवतो. बाकांवर चिंध्यांचा बाजार भरला होता. एकाने टॉवेल म्हणून जे आणलं होतं, ते पायपुसणं होतं. तो म्हणाला, "आदी टॉवेलच हुता बाई. आता त्याची बदली झालीय."

"बरं. बदली का झाली?"

"दादा त्यानं फटफटी पुसतो. आई म्हणती, फडकं घे. तो म्हणतो, फडकं सापडत न्हाई."

"आमच्यात आजी टॉवेलानं चुलीवरचं पातेलं उतरवती," दुसरी म्हणाली. "हितं बघा, जळालाय."

"आमचा काटेरी तारेवर वाळत घालत्यात. काढताना आई वरडती, हळू काढ. पण घालताना तीच घालती."

एकीने आणलेल्या टॉवेलाच्या पृष्ठभागावर लांब लांब दोरे लोंबत होते. मी विचारलं, "हे कोणी केलं?"

"धाकट्या भावानं. दोऱ्याचा एक फास निघाला की तो ओढतो. मग अजून निघतो. मग अजून ओढतो."

"फास निघाला तर काय करायचं मग?"

 मी कात्री घेतली आणि लोंबणारा एक फास मुळाशी कापून दाखवला. "ओढला तर शेजारचे उसवतात. कापला तर तेवढ्यावर भागतं. बघा, कापड फाटलं का?"

मुलं पुढे सरसावली. ज्यांच्या टॉवेलाला फास नव्हते त्यांनाही कापायचे होते.

शेवटी सलमा मुलाणी उठली. आमच्या वर्गातली सर्वांत नीटनेटकी मुलगी. तिने पिशवीतून घडी केलेला, कोरा करकरीत टॉवेल काढला.

"अगं, जुना आणायला सांगितला होता ना?"

"हा जुनाच आहे बाई. माझ्या जन्माच्या आधीचा. अम्मी म्हणते, पाहुण्यांसाठी आहे."

"मग पाहुणे वापरतात?"

"नाही. पाहुणे आले की अम्मी तो आणखी आत ठेवते."

सगळा वर्ग हसला. सलमा हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे बाई, टॉवेल वयाने फाटत नाही. आपण त्याला काय करतो त्याने फाटतो. बरोबर ना?"

मी तीस मुलांच्या घरचे टॉवेल तपासून जे सांगणार होते, ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं. मी तिला प्रयोगाची प्रमुख केलं आणि पोपटला तिचा मदतनीस केलं, म्हणजे तो निदान शेळीपासून दूर राहील.

मी सोलापूरहून एक नवा टॉवेल आणला आणि मुलांसमोर त्याच्या सारख्या पट्ट्या कापल्या. हे घरी कळलं तेव्हा सासूबाई माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. एक पट्टी रोज साध्या पाण्यात धुवायची, झटकायची आणि सावलीत वाळवायची. एक थोड्या साबणात. एकीला भरपूर धुण्याचा सोडा. एक दगडावर बडवायची. हे काम पोपटने मागून घेतलं. आणि एकीला, मावशी करत तसं, मूठभर पांढरी पावडर आणि कडक ऊन.

मुलं रोज न चुकता हे करत. सलमाने भिंतीवर एक मोठा तक्ता टांगला आणि रोज त्यात जे दिसेल ते लिहू लागली. मी वर्गात नेहमी सांगायचे: निरीक्षण म्हणजे आपल्याला काय वाटतं ते नव्हे, काय दिसलं ते. दिसलं तेवढंच लिहायचं, आणि दिसलेलं गाळायचं नाही. ती पोर ते अक्षरशः पाळत होती.

"बाई," एक दिवस पोपट म्हणाला, "पट्टीला पावडर घालतोय, पण पट्टीवर डाग कुठं हाय? मावशी तर डाग काढाया घालत्यात. मग डाग कशाचा ते बी बघाय नगं का?"

"तू पट्टी बडव," मी म्हटलं.

"पण बाई, मला ठाव..."

"बडव म्हटलं ना."

तो बडवायला गेला. सलमा माझ्याकडे बघत राहिली.  त्या दिवसापासून ती शाळा सुटल्यावर मावशींच्या मागे मागे नळापाशी जाऊ लागली.

इकडे नवा टॉवेल जवळजवळ रोज डागाळत होता आणि रोज पांढरा होत होता. सर रोज सकाळी तो उजेडात धरून बघत आणि मावशी रोज दाराशी उभ्या राहत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सलमाने तक्ता पुरा केला. मी तो वरपासून वाचत आले. तळाशी तिने ‘डागाविषयी निरीक्षणे’ असा एक भाग जोडला होता. चार ओळी होत्या. त्या वाचून मी खाली बसले.

"चुकलं का बाई?" तिने विचारलं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. रोज बघून लिहिलंय."

"खरं आहे?"

"तुम्हीच म्हणता ना, दिसलेलं गाळायचं नाही."

मी काही ठरवायच्या आत खराडे सरच तक्ता बघायला आले. सरांना जवळचं वाचायला चष्मा लागत असे, पण चष्म्याने माणूस वयस्कर दिसतो म्हणून ते तो घरीच ठेवत. त्यांनी तक्त्यावर वरपासून खालपर्यंत गंभीरपणे नजर फिरवली.

"छान," ते म्हणाले. "अक्षर फार सुबक आहे. एक शब्दही बदलू नका."

सलमाने माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापकांचा हुकूमच होता. मी तक्ता गुंडाळून ठेवला.

प्रदर्शनाच्या सकाळी मावशी प्रयोगशाळेत आल्या तेव्हा त्यांच्या हातात टॉवेल होता. मधोमध, नेमका डाग पडायचा तिथे, त्यांचं मनगट आरपार जाईल एवढं भोक.

"दोरीवरनं उचलला आणि फाटला," त्या म्हणाल्या. "नुसता उचलला, बाई. माझं नशीबच पातळ धुतलेलं."

त्या रडत नव्हत्या. त्यांनी टॉवेलाची घडी घातली आणि स्वतःच जाऊन सरांच्या टेबलावर ठेवली. लपवला असता तर सरांनी विचारलंच असतं.

तात्यासाहेब जीपमधून आले. पंच्याहत्तरीला टेकलेले, काठी घेऊन चालणारे, भुवया पांढऱ्या आणि डोक्यावरचे केस कावळ्यासारखे काळे. जीपच्या पुढच्या सीटवर त्यांचाही पांढरा टॉवेल होता. त्यांनी ज्वालामुखी पाहिला, टाळ्या वाजवल्या, आणि मग सरांनी त्यांना आमच्या टेबलापाशी आणलं. सरांच्या खुर्चीवर आज शेटे सरांचा नॅपकिन होता. ती खुर्ची तात्यासाहेबांसाठी मांडली होती. सरांच्या काखेत फाटका टॉवेल होता.

"साहेब," सर म्हणाले, "आमच्याकडे एक तात्पुरत्या शिपाई आहेत. त्यांना कायम करायचं की नाही हा प्रश्न आहे. हा बघा त्यांच्या हातचा टॉवेल. एका महिन्यात ही दशा. पण मी काही बोलणार नाही. मुलांनी प्रयोग केलाय, तोच बोलेल."

शेवंतामावशी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

पोपटने पहिली पट्टी खुंटीला बांधली, तिच्या टोकाला बादली अडकवली आणि तांब्याने पाणी ओतू लागला. साध्या पाण्यातली पट्टी काठोकाठ भरलेली बादली पेलून शांत राहिली. साबणाचीही राहिली. सोड्याची थोडी कुरकुरली. बडवलेली अर्ध्या बादलीला तुटली, तेव्हा पोपटला अभिमान वाटला.

मग त्याने पावडरवाली पट्टी बांधली. पहिला तांब्या, दुसरा तांब्या, आणि पट्टी मध्येच ओल्या कागदासारखी तुटली. बादली खाली आदळली, पाणी तात्यासाहेबांच्या कोल्हापुरी चपलांवर उडालं.

"अरे वा!" तात्यासाहेब म्हणाले. त्यांना ज्वालामुखीपेक्षा हे आवडलं. "म्हणजे पावडरीने फाटतो! पावडर कोण टाकतं?"

"याच," सर म्हणाले. "शेवंताबाई."

"कशाला टाकतात?"

"डाग काढण्यासाठी," सलमा म्हणाली. तिने छडी उचलली आणि तक्त्याच्या तळाशी ठेवली. मोठ्याने वाचताना ती नेहमी पायाच्या टाचा जुळवून उभी राहत असे, तशीच राहिली.

"डागाविषयी निरीक्षणे. पहिलं: डाग वरच्या बाजूला मधोमध पडतो, इतर कुठेही पडत नाही. दुसरं: रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी डाग पडत नाही. तिसरं: मुख्याध्यापक सर लग्नाला रजेवर गेले, त्या दिवसांत डाग पडला नाही. चौथं: सर रजेवरून आले त्या दिवशी डाग सर्वांत जास्त काळा होता."

बाहेर शेळी ओरडली.

"धूळ आहे साहेब," सर घाईने म्हणाले. "रस्ता कच्चा आहे, मी पंचायतीला..."

"पण सर," पोपटने अगदी मनापासून विचारलं, "धूळ रजेवर कशी जाईल?"

शेटे सर हसणार होते, पण हा विनोद मुख्याध्यापकांचा नाही हे त्यांच्या वेळेवर लक्षात आलं.

तात्यासाहेब खुर्चीत मागे टेकून बसले होते. ते हळूच सरळ झाले आणि डोकं खुर्चीपासून दूर केलं. मग त्यांची नजर एकदा नॅपकिनकडे, एकदा दाराबाहेर उभ्या जीपकडे गेली.  आणि मग, अडचणीत सापडलेला मोठा माणूस करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी सर्वांत लहान माणसाकडे मोर्चा वळवला.

"ते राहू द्या," ते करड्या आवाजात म्हणाले. "टॉवेल फाटला पावडरीने. पावडर टाकली या बाईने. ती टाकायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

सगळे मावशींकडे बघू लागले. मला कळलं, की इथे दोनच उत्तरं आहेत आणि दोन्ही वाईट. ‘सरांनी सांगितलं’ म्हटलं तर शिफारस करणारा माणूस कायमचा शत्रू होणार. ‘कोणी नाही’ म्हटलं तर दोष त्यांचाच. मी पुढे झाले. मी सांगणार होते. पण मावशींनी हात आडवा करून मला थांबवलं आणि त्या तात्यासाहेबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुणी बी न्हाई, साहेब. मीच टाकली. माझ्या हातानं."  "पण का टाकली, ते तुमास्नी कळाय पायजे. त्यो डाग साधासुधा न्हवता. कशाचा, ते मला पक्कं ठाव हाय. रोज धुतलाय मी. ते बी सांगते हितंच, सगळ्यांच्या म्होरं." त्या खराडे सरांकडे वळल्या. अगदी अदबीने त्यांनी विचारलं, "सांगू का, सर?"

"नको!"

हा शब्द दोघांच्या तोंडून एकदम आला. सरांच्या आणि तात्यासाहेबांच्या. दोघांचे हातही एकदमच डोक्याकडे गेले होते. ते त्यांनी एकदमच खाली घेतले.

"म्हणजे," तात्यासाहेब घसा साफ करून म्हणाले, "एवढ्या खोलात जायचं काही कारण नाही. बाईंनी चूक स्वतःहून कबूल केली. असा प्रामाणिकपणा हल्ली राहिलाय कुठे? का हो खराडे?"

"अगदी खरं, साहेब. शेवंताबाई फार प्रामाणिक आहेत. मी नेहमी म्हणतो."

"मग यांना अजून कायम का नाही केलं?"

"शिफारस तयारच आहे, साहेब. फक्त सही राहिलीय."

"मग करा की. माझ्यासमोर करा."

शेटे सरांनी पेन पुढे केलं. सही झाली. चष्मा नसल्यामुळे सरांनी ती जरा तिरकीच केली, पण सही ती सही. मावशी तात्यासाहेबांच्या पाया पडल्या, मग खराडे सरांच्या. सर एक पाऊल मागे सरकले.

जाता जाता तात्यासाहेबांनी पोपटला बाजूला घेतलं. मी जवळच होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाळ, मग टॉवेल टिकवायचा कसा?"

"दोन ठेवायचे, आलटून पालटून वापरायचे," पोपटने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "साबण थोडा. पाणी निवळशंख येस्तोवर खळबळायचा. झटकून सावलीत वाळवायचा. फास निघाला तर वढायचा न्हाई, कापायचा."

"आणि... तसला डाग असेल तर?"

"पांढरा टॉवेल घ्यायचाच न्हाई. आमच्या दुकानात बाबांनी त्यासाठी येगळा काळा ठेवलाय. कलप..."

"समजलं, समजलं," तात्यासाहेब म्हणाले आणि त्याच्या हातावर खडीसाखर ठेवून जीपमध्ये बसले.

पुढच्याच महिन्यात संस्थेचं परिपत्रक आलं. वाढत्या धुळीचा विचार करता, सर्व शाळांमधल्या मुख्याध्यापकांनी खुर्चीवर गडद रंगाचा टॉवेल वापरावा. खराडे सरांनी गडद निळा आणला. तो पुढे बरीच वर्षं टिकला.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. प्रदर्शन आवरून झालं होतं. मावशी ओली फरशी पुसत होत्या आणि मी तक्ता भिंतीवरून काढत होते. सलमा घरी गेली नव्हती. ती टेबलाशी उभी होती, आणि तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"मावशी, तुम्ही खोटं का बोललात?"

"कवा गं?"

"पावडर सरांनीच टाकायला सांगितली होती. मला नळावर तुम्हीच सांगितलं होतं. आणि डाग कशाचा ते सांगते म्हणालात, पण सांगितलं नाही." ती माझ्याकडे वळली. "बाई, दिसलेलं गाळायचं नाही ना?"

मी तक्ता गुंडाळत राहिले.  मावशींनी फडकं पिळलं, बादलीच्या काठावर नीट पसरलं आणि पोरीसमोर उकिडव्या बसल्या.

"हे बघ बाय. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार माणसं हसली असती. सर लाजले असते. आणि उद्या सकाळी मी घरी. सांगितलेलं संपतं गं, एका घडीत. मी नुसतं ‘सांगू का’ म्हणलं, तर कायम झाले. आता ते माझ्यापाशी तसंच हाय. अजून वापरलेलंच न्हाई."

 सलमाचा राग थोडा उतरला होता, पण हिशेब तिला पटला नव्हता.

"मग खरं कधी सांगणार?"

"पेन्शन बसल्यावर," मावशी म्हणाल्या, आणि टाकीत पाणी किती आहे ते बघायला गच्चीवर गेल्या.